काचेचा जागल्या

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजे औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे दिसले. रस्त्यावरचे साधे भटके कुत्रे, पण अंगावर कुणी नीळ ओतावी तसा रंग. छायाचित्रे देशभर आणि देशाबाहेरही छापून आली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगद्रव्ये हाताळणाऱ्या एका कारखान्याचे काम थांबवायला लावले, आणि तोवर नवी मुंबईबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले कासाडी नदीचे नाव सगळ्यांच्या तोंडी झाले. कुत्रे कासाडीच्या पाण्यात उतरले होते की आवारात सांडलेल्या भुकटीत लोळले होते, यावर तेव्हा दोन मते होती. कुत्र्याच्या अंगावरून ते ठरवता येत नव्हते. रंग कोणता एवढे दिसत होते. किती, कधीपासून, कुठून, हे दिसत नव्हते.

मी करंजाड्यात राहतो. पनवेलहून घरी येताना गाढी नदी ओलांडावी लागते. कासाडी माझ्या वाटेवर नाही, ती तळोज्याकडून येते. पण दोघींचे पाणी शेवटी पनवेलच्या खाडीतच जाते. निळ्या कुत्र्यांच्या त्या बातमीनंतर पाण्यातली रसायने प्रकाशाने ओळखणाऱ्या काचतंतूंविषयी मी मिळेल ते वाचत आलो आहे. वाचताना आधी हरखून गेलो, मग हळूहळू कुरकुरू लागलो. ही कुरकुर नेमकी कशाबद्दल, हे या लेखात मांडायचे आहे. थोडक्यात सांगायचे तर, या शास्त्राने स्वतःच्या गुणवत्तेचे जे माप ठरवले आहे ते नदीच्या गरजेचे माप नाही. शास्त्र सूक्ष्मतेची शर्यत लावते. नदीला हवी आहे जाग.

आधी तंतूविषयी. काचेच्या बारीक धाग्यांच्या जुडीतून चित्र नेता येते, हे नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली, एका किलोमीटरमागे घट 20 डेसिबेलच्या आत आणली, तर दूरसंपर्क शक्य आहे. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने ते साधले. आज ही घट किलोमीटरला 0.2 डेसिबेलच्या आसपास आहे. असा तंतू आता आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला तयार होतो आणि करंजाड्यातल्या इमारतींच्या जिन्यांतून घराघरांत शिरतो. या सगळ्या प्रगतीचे सूत्र एकच होते: आतला प्रकाश आत राहिला पाहिजे, बाहेरच्या जगाचा त्याला स्पर्श होता कामा नये.

रसायन ओळखणाऱ्या तंतूचे काम नेमके उलटे आहे. त्याला बाहेरचे जग लागले पाहिजे. म्हणून कुणी त्याचे आवरण खरवडून काढतो, कुणी टोक निमुळते करतो, कुणी त्यात भोके ठेवतो. संपर्काच्या तंतूत जो दोष मानतात, तोच इथे गुण म्हणून जोपासावा लागतो.

आता अनुस्फुरण, म्हणजे फ्लुओरेसन्स. काही पदार्थ आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि थोड्या लांब तरंगलांबीचा प्रकाश परत देतात. जॉन हर्शेल यांनी 1845 मध्ये क्विनाइनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या निळ्या झळाळीचे वर्णन केले. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये तिचे कारण सांगितले आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून तिला नाव दिले. हे घरी पाहता येते. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा टॉनिक वॉटरच्या पेल्यावर धरला, की पेला निळा उजळतो. मी पुढे जाऊन तीन गोष्टी केल्या. एका पेल्यात भरपूर साधे पाणी घातले. उजेड फिका पडला. दुसऱ्यात चमचाभर मीठ विरघळवले. उजेड मंदावला, कारण मिठातला क्लोराइड क्विनाइनचा उजेड विझवतो. तिसऱ्यात निळ्या शाईचे चार थेंब टाकले. तिथेही मंदावला, कारण शाईनेच प्रकाश खाल्ला. एका पेल्यात क्विनाइन पातळ झाले होते, उरलेल्या दोहोंत ते होते तेवढेच होते. तिन्ही पेल्यांकडे फक्त उजेड मोजणाऱ्या यंत्राने पाहिले असते तर त्याने तिघांबद्दल एकच सांगितले असते: क्विनाइन घटले. हे तीन पेले वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढचा सगळा वाद त्यांच्यातच आहे.

तंतू आणि अनुस्फुरण यांची सांगड अशी बसते. तंतूच्या टोकावर एखादे अनुस्फुरक रंगद्रव्य बसवायचे, आतून प्रकाश पाठवायचा, रंगद्रव्याने परत दिलेला प्रकाश त्याच तंतूने माघारी आणायचा. भोवतालचे रसायन रंगद्रव्याला गाठते तसा तो प्रकाश वाढतो, घटतो किंवा रंग बदलतो. ऑक्सिजनमुळे काही द्रव्यांचा उजेड विझतो, हे हान्स काउट्स्की यांनी 1930च्या दशकात दाखवले होते. 1975 मध्ये ल्युबर्स आणि ओपिट्झ या जर्मन संशोधकांनी रक्तातले वायू प्रकाशाने मोजण्यासाठी याच तत्त्वाचा उपयोग केला आणि अशा साधनाला ऑप्टोड हे नाव दिले. 1980च्या दशकापासून या विषयावरचे लेखन वाढतच गेले.

त्यात एक अडचण पहिल्यापासून होती, ती गणिताची. अनुस्फुरक रेणू आपला प्रकाश सर्व दिशांना उधळतो. साधा सिलिका तंतू पाण्यात सुमारे साडेनऊ अंशांच्या अर्ध्या कोनात येणारा प्रकाशच आत घेतो. हिशेब केला तर शंभर भाग प्रकाशातला एक भागही पुरता हाती लागत नाही, 0.7 भाग लागतो. विशेष तंतूंचा जन्म या कंजुषीतून झाला. फिलिप रसेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सूक्ष्म छिद्रांची जाळी असलेला तंतू प्रसिद्ध केला. अशा छिद्रांत नमुन्याचे पाणी भरले, की प्रकाश आणि पाणी यांची भेट टोकापुरती न राहता तंतूच्या सबंध लांबीभर होते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठात टॅन्या मन्रो यांच्या गटाने गाभा एका बाजूने उघडा ठेवलेले तंतू केले, म्हणजे केसाहून बारीक छिद्रांत पाणी भरण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या पवईला आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी, तपनेंदु कुंडू आणि व्ही. व्ही. आर. साई यांनी तंतू यू आकारात वाकवून त्यावर सोन्याचे सूक्ष्म कण बसवले. 2009 मध्ये त्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला. ते साधन अनुस्फुरणावर नव्हे, प्रकाशाच्या शोषणावर चालते. पण वाकवल्याने प्रकाश जास्त बाहेर डोकावतो ही त्यातली युक्ती दोन्हीकडे उपयोगी आहे, आणि ती स्वस्तातली आहे.

इथवर माझी काही तक्रार नाही. हे काम सुंदर आहे, आणि ‘सुंदर’ हा शब्द मी जपून वापरतो. तक्रार सुरू होते ती निष्कर्षाच्या परिच्छेदापाशी. जवळजवळ प्रत्येक निबंध शोधमर्यादेवर, म्हणजे किती कमी रसायन ओळखता आले या आकड्यावर, येऊन थांबतो. आधीच्या गटाने नॅनोमोलपर्यंत मजल मारली, आम्ही त्याही खाली गेलो. मोजमाप झाले शुद्ध पाण्यात, एका दुपारी. मग शेवटच्या वाक्यात नद्यांच्या प्रदूषणाचा उल्लेख येतो. आपली वर्तमानपत्रे तेच शेवटचे वाक्य उचलतात आणि ‘आता क्षणात कळणार पाण्यातले विष’ असा मथळा देतात. निबंध आणि मथळा यांच्यामध्ये जी नदी आहे, तिच्यात तो तंतू कुणी उतरवलेला नसतो.

उतरवला तर काय होईल? पहिली गोष्ट, थर. उघड्या गाभ्याबाहेर प्रकाश डोकावतो तो फार तर शंभर-दोनशे नॅनोमीटर. नदीत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि तो पाहता पाहता दहापट-शंभरपट जाड होतो. त्यानंतर तंतू नदी वाचत नाही, स्वतःच्या अंगावरचा थर वाचतो. जो तंतू जितका संवेदनशील, तितका त्याचा प्रकाश पृष्ठभागाला चिकटलेला, आणि तितका तो या थरापुढे हतबल. सूक्ष्मता आणि टिकाऊपणा इथे एकमेकांच्या विरोधात उभे राहतात, आणि शर्यत मात्र एकाचीच लागते.

दुसरी गोष्ट, तो मिठाचा पेला. पनवेलच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती येते आणि तिच्यासोबत खारे पाणी वर चढते. ज्या द्रव्याचा उजेड क्लोराइडने विझतो ते इथे भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांगेल आणि आपण त्याला प्रदूषण म्हणू. तिसरी गोष्ट, तो शाईचा पेला. पाण्यात रंग मिसळला की तो जाणारा प्रकाशही खातो आणि येणाराही. याला शास्त्रात अंतर्गत गाळणीचा परिणाम म्हणतात. म्हणजे कुत्रे निळे झाले तसे ज्या दिवशी कासाडीचे पाणी रंगाने दाट होईल, नेमक्या त्या दिवशी उजेड मोजणारा साधा तंतू ‘रसायन घटले’ असे कळवू शकेल. साधन बिघडलेले नसेल. त्याला जे विचारले होते तेच ते सांगत असेल.

चौथी गोष्ट, अंतर. तंतूचा एक दावा असतो की मोजणारा दूर सुरक्षित बसेल आणि टोक नदीत राहील. पण 0.2 डेसिबेलची ती कीर्ती 1550 नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची आहे. अनुस्फुरणाला लागतो निळा किंवा जंबुपार प्रकाश. निळा प्रकाश काचेतच विखुरतो. 450 नॅनोमीटरला किलोमीटरमागे घट साधारण 20 डेसिबेलची, म्हणजे शंभरातला एक भाग पोचतो. काओंनी 1966 मध्ये जो उंबरठा सांगितला होता, त्याच उंबरठ्यावर आपण निळ्या प्रकाशासाठी आजही उभे आहोत. जंबुपार प्रकाशाची स्थिती याहून वाईट आहे. म्हणून मोजणारी पेटी नदीकाठीच ठेवावी लागते. तिला वीज, कुलूप आणि तिच्याकडे जाणारा माणूस लागतो. निबंधांत या माणसाचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

मग हे सगळे निरुपयोगी समजायचे का? नाही. उलट, या शास्त्राचे सर्वांत मोठे यश त्याच्या सर्वांत कमी दिमाखाच्या साधनात आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रकाशीय संवेदक आज जगभर नद्यांत आणि सांडपाणी प्रकल्पांत महिनोन्‌महिने काम करतो. त्यात उजेड किती आला हे मोजत नाहीत. उजेड विझायला किती वेळ लागला हे मोजतात. रुथेनियमच्या काही संयुगांत तो वेळ काही मायक्रोसेकंदांचा असतो आणि ऑक्सिजन वाढला की कमी होतो. दिवा जुना झाला, रंगद्रव्य थोडे उडाले, तरी हा वेळ सहसा फसवत नाही. वर काळा थर दिला की बाहेरच्या रंगाचा प्रश्नही मिटतो. तीन पेल्यांचे कोडे तिथे शांतपणे सोडवलेले आहे. फक्त त्यावर आता कुणी नवा विक्रम मांडू शकत नाही, म्हणून ते चर्चेत नसते.

दुसरे उदाहरण आमच्या गाढीला लागू पडणारे. गाढीवर वर देहरंगचे धरण आहे, पनवेलच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार. आणि तीच नदी शहराशेजारी येते तेव्हा तिच्यात घरगुती सांडपाणी मिसळते. सांडपाण्याला स्वतःचे अनुस्फुरण आहे. प्रथिनांतले ट्रिप्टोफॅन 280 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश घेते आणि 350च्या आसपास देते. आणि आपण कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जी द्रव्ये वापरतो तीही जंबुपार प्रकाशात निळी उजळतात. पूर्वी नीळ डोळ्याला दिसायची, आताची नीळ दिव्याला दिसते. टोकावर कुठलेच रंगद्रव्य न बसवता, साध्या तंतूने, ही खूण वाचता येते. ती किती मिलिग्रॅम आहे हे अचूक सांगणार नाही. पण काल पहाटेपेक्षा आज पहाटे अचानक वाढली एवढे सांगू शकेल.

आणि हेच ‘अचानक’ मला महत्त्वाचे वाटते. तळोज्याच्या पाण्याबद्दल लोकांचे म्हणणे वर्षानुवर्षे एकच आहे: नमुना दिवसा घेतला जातो आणि पाणी रात्री सुटते. ते प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही, पण ते खोटे आहे हे दाखवायचीही आपल्याकडे सोय नाही. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण 2018 पासून राष्ट्रीय हरित लवादासमोर आले. अशा प्रकरणात कोणता पुरावा चालतो, ते 1974च्या जलप्रदूषण कायद्याच्या 21व्या कलमात आहे. अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोरबंद करून सह्या करायच्या, मग प्रयोगशाळेत पाठवायचे. हा क्रम पाळला नाही तर त्या विश्लेषणाचा निकाल न्यायालयात पुरावा ठरत नाही. म्हणजे तंतूचा आकडा पिकोमोलपर्यंत अचूक असला तरी कायद्याच्या दारात त्याला थेट प्रवेश नाही. केंद्रीय मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषक अशा 17 उद्योगवर्गांना सांडपाण्याच्या तोंडाशी सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. पण ती यंत्रे कारखान्याच्या ताब्यात, कारखान्याच्या नळावर असतात. नदीच्या बाजूने कुणी जागे नसते.

जुन्या गावगाड्यात जागल्या असे. तो रात्री गावात फिरे आणि काही वावगे दिसले तर हाळी देई. चोर कोण हे ठरवणे त्याचे काम नव्हते, शिक्षा देणे तर नव्हतेच. ते पाटलाचे आणि सरकारचे. त्याची नजर तीक्ष्ण असावी अशी अपेक्षा होती, पण तो झोपू नये ही अट होती. काचेच्या तंतूकडून नदीकाठी नेमके हेच काम घेता येईल. त्याने आरोप सिद्ध करायचा नाही. मोहोरबंद नमुना केव्हा आणि कुठे घ्यायचा ते सांगायचे. पहाटे तीन वाजता हाळी आली तर साडेतीनला बाटली भरता येते. दुसऱ्या दिवशी अकराला भरलेली बाटली नदी निर्दोष असल्याची साक्ष देते.

यावर एक आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. सूक्ष्मतेची गरज खरोखर असते. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम आहे, शिशाची 0.01. असे विष रंग दाखवत नाही, वास देत नाही, अचानक वाढत नाही. थोडे थोडे साचत जाते. तिथे शोधमर्यादेची शर्यत केवळ हौस नाही. देहरंगच्या पाण्यासाठी मला तोच सूक्ष्म तंतू हवा, आणि तो प्रयोगशाळेत वापरला तरी चालेल, कारण ते पाणी तासातासाला बदलत नाही. कासाडीसाठी मात्र मला जाड बुद्धीचा, पण जागा राहणारा तंतू हवा. दोन पाण्यांना दोन साधने लागतात. निबंधांत मात्र दोन्ही पाणी एकाच आकड्याने मोजले जाते आणि त्या आकड्याच्या बळावर ‘नदी’ हा शब्द वापरला जातो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. अशा तंतूवर लिहिणाऱ्याने शोधमर्यादेच्या शेजारी आणखी तीन आकडे द्यावेत: हे साधन कोणत्या पाण्यात किती दिवस उभे होते, त्यात ते किती वेळा पुसावे लागले, आणि किती वेळा खोटी हाळी दिली. पुसणाऱ्या माणसाचा पगार कुणी द्यायचा, हा चौथा प्रश्न शास्त्राचा नाही असे म्हणतील. पण तो सुटल्याशिवाय पहिल्या तिघांना अर्थ नाही. आणि मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या आम्ही लोकांनी मथळा देण्याआधी एवढेच विचारावे, की हे पाणी कुठले होते. नळाचे, बाटलीचे, की नदीचे?

परवा रात्री उशिरा पनवेलहून येताना गाढीच्या पुलावर थांबलो. खिशात तो नोटा तपासायचा दिवा होता. पुलावरून एवढासा उजेड पाण्यापर्यंत पोचणार नाही हे मला ठाऊक होते, तरी लावून पाहिला. खाली काही दिसले नाही. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता, आणि पाणी खाडीकडे चालले होते. त्या रात्री त्यात काय होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही.